वेळ मारून नेण्याची किंमत: बोयान क्रकिच, 2008

मे 2008 मध्ये स्पेनमध्ये एक बातमी आली. सतरा वर्षांच्या एका मुलाला देशाच्या संघात बोलावलं आणि त्याने यायला नकार दिला. मुलगा म्हणजे बार्सिलोनाचा स्ट्रायकर बोयान क्रकिच, आणि स्पर्धा म्हणजे युरो 2008, जी स्पेनने पुढे जिंकली. नकाराचं खरं कारण लोकांना कळायला दहा वर्षं लागली. 2018 मध्ये बोयानने एका ब्रिटिश वर्तमानपत्राच्या मुलाखतीत ते स्वतःहून सांगितलं: त्याला चिंतेचा त्रास होता.

त्या मोसमात काय घडलं, कोणत्या टप्प्यावर कोणते पर्याय होते, काय निवडलं गेलं आणि ते कुणाला भोगावं लागलं, हे इथे क्रमाने मांडतो आहे. बोयान स्वतः जाहीर बोललेला आहे म्हणून त्याचं नाव घेतलंय. डॉक्टर, स्पेनच्या फुटबॉल महासंघाचे अधिकारी आणि ती बातमी छापणारं वर्तमानपत्र यांची नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण शोध निर्णयांचा घ्यायचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. मे महिन्यातला नकार योग्यच होता. घोळ झाला तो तीन महिने आधी, फेब्रुवारीत. तेव्हा एक सोयीचं कारण पुढे करून वेळ मारून नेली गेली, आणि त्यामुळे मे महिन्यात खरं सांगायला जागाच उरली नाही.

पार्श्वभूमी

बोयानचा जन्म 28 ऑगस्ट 1990 चा, कातालुनियातल्या लिन्योला या छोट्या गावचा. वडील सर्बियन आणि स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू, आई कातालान. म्हणजे मोठेपणी स्पेनकडून खेळायचं की सर्बियाकडून, हा प्रश्न पहिल्यापासून त्याच्यासोबत होता. 1999 मध्ये तो बार्सिलोनाच्या युवा अकादमीत दाखल झाला आणि प्रत्येक वयोगटात शेकड्यांनी गोल करत वर सरकला.

2007 हे एक वर्ष नुसतं नजरेखालून घातलं तरी पुष्कळ काही कळतं. एप्रिलमध्ये इजिप्तच्या अल अहली संघाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो पहिल्यांदा मोठ्यांच्या संघातून उतरला आणि गोल केला. मे महिन्यात बेल्जियममध्ये 17 वर्षांखालील युरो स्पर्धा होती. अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध स्पेन 1-0 ने जिंकलं, गोल बोयानचा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियात 17 वर्षांखालील विश्वचषक. उपांत्य सामन्यात घानाविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल त्याचाच, आणि त्याच सामन्यात त्याला लाल कार्ड. त्यामुळे 9 सप्टेंबरला सोलमध्ये नायजेरियाविरुद्धचा अंतिम सामना त्याला बाहेर बसून पाहावा लागला आणि स्पेन पेनल्टीवर हरलं. बरोबर एका आठवड्याने, 16 सप्टेंबरला, तो पांप्लोनात ओसासुनाविरुद्ध बार्सिलोनाच्या पहिल्या संघातून ला लिगाचा, म्हणजे स्पेनच्या वरिष्ठ लीगचा, पहिला सामना खेळत होता. वय 17 वर्षं 19 दिवस. आणखी तीन दिवसांनी लिऑंविरुद्ध चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत तो मैदानात उतरला, तोही मेस्सीच्या जागी.

मधे श्वास घ्यायलाही जागा नव्हती. त्या वर्षी उन्हाळ्याची अशी सुट्टी त्याला मिळालेलीच दिसत नाही.

त्याला इतक्या घाईने वर का आणलं, याला कारणं होती. हंगामाच्या सुरुवातीलाच बार्सिलोनाचा मुख्य स्ट्रायकर सॅम्युएल एटो मांडीच्या दुखापतीने बाहेर गेला आणि जानेवारीत तो आफ्रिकन नेशन्स कपसाठी घानाला गेला. रोनाल्डिन्यो उतरणीला लागला होता. मेस्सीला हंगामात दोनदा दुखापतीने गाठलं. थिएरी ऑन्री नवीन होता आणि अजून रुळत होता. प्रशिक्षक फ्रांक रायकार्डवर निकालांचा दबाव वाढत चालला होता. अशा वेळी हाताशी गोल करणारा एक मुलगा असेल तर कोणताही प्रशिक्षक त्याला खेळवणार. 20 ऑक्टोबरला व्हियारेआलच्या मैदानावर बोयानने ला लिगातला पहिला गोल केला, 17 वर्षं 53 दिवसांचा असताना. लीगमध्ये गोल करणारा क्लबचा सर्वांत कमी वयाचा खेळाडू हा मान तोवर मेस्सीकडे होता.

झालं, लगेच ‘नवा मेस्सी’ म्हणून उदोउदो सुरू झाला. खुद्द मेस्सी तेव्हा वीस वर्षांचा होता. ज्याची कारकीर्द नुकती कुठे उभी राहत होती, त्याचा वारसदार म्हणून अकरावी-बारावीच्या वयाच्या पोराला मखरात बसवलं गेलं. बोयानने मुलाखतीत याबद्दल जे म्हटलंय ते मला पटतं: मेस्सीशीच तुलना करायची असेल तर माझी कारकीर्द कमी पडली असं वाटणारच, पण तुम्ही नेमकी कोणती कारकीर्द अपेक्षित धरली होती?

हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर सगळ्या स्पर्धा मिळून 48 सामने आणि 12 गोल होते. त्यातले 10 ला लिगातले, म्हणजे रेआल माद्रिदचा प्रसिद्ध स्ट्रायकर राऊल याच्या पहिल्या हंगामापेक्षा एक जास्त. गोलांचा आकडा सगळ्यांनी मिरवला. मला मात्र 48 हा आकडा जास्त खुपतो. सतरा वर्षांच्या शरीराला आणि मनाला एका हंगामात 48 सामने, तेही निम्म्या युरोपचं लक्ष असलेल्या संघातून.

अडचण

6 फेब्रुवारी 2008 ला मालागाच्या ला रोसालेदा मैदानावर स्पेन विरुद्ध फ्रान्स असा मैत्रीपूर्ण सामना होता. स्पेनचे प्रशिक्षक लुईस आरागोनेस यांनी बोयानला संघात बोलावलं. त्या दिवशी तो खेळला असता तर त्याचं वय असतं 17 वर्षं 162 दिवस, आणि आंखेल सुबिएताचा 1936 पासूनचा विक्रम मोडला असता. सुबिएता स्पेनकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा 17 वर्षं 284 दिवसांचा होता. बहात्तर वर्षांचा विक्रम, समोर फ्रान्स, आणि पुढे चार महिन्यांवर युरो. सामना मैत्रीपूर्ण होता, पण त्या मुलासाठी त्यात मैत्रीपूर्ण असं काही राहिलं नव्हतं.

सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये त्याला गरगरायला लागलं. सगळं अंगावर येतंय असं वाटलं, भीती दाटून आली. त्याला टेबलावर आडवं केलं गेलं. तो त्याचा चिंतेचा पहिला झटका होता.

चिंतेचा झटका म्हणजे छातीत धडधड, श्वास लागणं, घाम सुटणं हे आपण ऐकलेलं असतं. सहसा तो काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि ओसरतो. बोयानने वर्णन केलंय ते वेगळं आहे. त्याला गरगरणं आणि मळमळ होती आणि ती चोवीस तास होती. डोक्यात सतत दाब असायचा, तो कमी म्हणून व्हायचा नाही. या फरकाला महत्त्व आहे. झटका येऊन गेला की माणूस पुन्हा उभा राहतो. इथे झटक्यानंतरही त्रास ठाण मांडून बसला होता. गुडघा सुजला तर तो दिसतो, फोटो काढून दाखवता येतो. हे दुखणं दाखवण्याची काही सोय नव्हती.

त्यात हे दुखणं त्याचा खेळ थांबवत नव्हतं, निदान बाहेरून पाहणाऱ्याला तसं वाटत नव्हतं. 1 एप्रिलला गेल्सेनकिर्खनमध्ये शाल्केविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व सामन्यात एकमेव गोल त्यानेच केला. 1990 च्या दशकात जन्मलेल्यांपैकी या स्पर्धेत गोल करणारा तो पहिला ठरला. त्या रात्री टीव्हीवर त्याला पाहणाऱ्याने हा मुलगा आजारी आहे असं म्हटलं असतं तर वेड्यात काढलं गेलं असतं.

पहिला निर्णय: फेब्रुवारी

मालागात त्या संध्याकाळी संघव्यवस्थापनापुढे खरं तर मोजकेच पर्याय होते.

त्याला तसंच खेळवायचं. हे केलं नाही, आणि याचं श्रेय तिथल्या लोकांना दिलंच पाहिजे. विक्रमाचा मोह होता, सगळ्या देशाची नजर होती, तरी मुलाला मैदानात ढकललं नाही.

उरला प्रश्न लोकांना काय सांगायचं याचा. सरळ सांगता आलं असतं की त्याला चिंतेचा झटका आला. पण हे 2008 आहे, हे विसरून चालणार नाही. फुटबॉलमध्ये तेव्हा या विषयावर कुणी बोलत नव्हतं. पुढच्या रविवारी समोरच्या संघाच्या हजारो प्रेक्षकांनी त्याच गोष्टीवरून त्याला डिवचलं असतं. सतरा वर्षांच्या मुलावर ती वेळ आणायची नाही असं कुणी ठरवलं असेल तर त्याला मी दोष देणार नाही.

प्रत्यक्षात सांगितलं गेलं ते असं की त्याला गॅस्ट्रो झालाय. पोट बिघडलं. आपल्याकडे शाळेपासून लग्नापर्यंत कुठेही न जाण्यासाठी चालणारं हे कारण तिथेही चाललं. कुणी खोलात शिरलं नाही. स्पेनने सामना 1-0 ने जिंकला आणि बोयानचं पदार्पण पुढे ढकललं गेलं, इतकीच बातमी झाली.

यात वाईट हेतू नव्हता हे मला मान्य आहे. ढाल म्हणून वापरलेलं खोटं होतं ते. पण ते कुणाच्या सोयीचं होतं, हे नीट पाहायला हवं. पोट दोन दिवसांत बरं होतं. त्यामुळे दोन दिवसांनी बोयान बरा झाला असं सगळ्यांनी धरून चालायला मोकळीक मिळाली. क्लबला त्याला पुन्हा खेळवायला, महासंघाला पुढच्या वेळी बोलवायला, पत्रकारांना त्याच उत्साहाने लिहायला. आजारपणाला जी सवड मिळायला हवी ती मिळालीच नाही, कारण जाहीर आजार केव्हाच संपला होता.

मधला एक मार्गही होता. ‘प्रकृतीच्या कारणाने वैद्यकीय पथकाने त्याला विश्रांती दिली आहे, अधिक तपशील देणार नाही.’ एवढं वाक्य पुरलं असतं. त्यात खोटं काही नाही आणि खासगीही काही उघडं पडत नाही. दोन दिवस कुजबुज झाली असती. पण मे महिन्यात ‘फेब्रुवारीतलीच प्रकृतीची तक्रार अजून आहे’ असं म्हणता आलं असतं आणि लोकांना त्याची संगती लागली असती.

दुसरा निर्णय: मे

युरोची संघनिवड जवळ आली तेव्हा बोयान औषधं घेत होता आणि त्याच्याच शब्दांचा आशय सांगायचा तर सहनशक्तीच्या टोकाला पोहोचला होता. संघात त्याला हवंच आहे हे स्पष्ट होतं. त्याने संघ जाहीर होण्याआधीच, आपल्याला जमणार नाही, असं कळवलं. कार्लेस पुयोल हा बार्सिलोनाचा कर्णधार आणि स्पेनच्या संघातला ज्येष्ठ खेळाडू. त्याने त्याला धीर दिला, मी सतत तुझ्याबरोबर असेन असं सांगितलं. तरी बोयान नाही म्हणाला.

हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे सगळ्यांचा हेतू चांगला आहे. पुयोलसारखा माणूस पाठीशी उभा राहतो म्हणतोय. महिनाभर चालणारी स्पर्धा, आयुष्यात एकदाच येणारी संधी. अशा वेळी मोठी माणसं सहज म्हणतात, ‘एकदा गेलास की बरं वाटेल.’ कधी कधी ते खरंही ठरतं. पण ज्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये पहिला झटका आला, त्याच संघासोबत महिनाभर राहायचं, रोज सराव, रोज पत्रकार परिषदा, घरापासून लांब, आणि खेळायला मिळण्याची शाश्वती नाही. आधाराची कितीही खात्री दिली तरी हा बोजा त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होता. आपल्या मर्यादेची जाणीव त्याला झाली आणि ती त्याने वेळेत सांगितली. अठराही पूर्ण नसलेल्या मुलाकडून याहून शहाणपणाची अपेक्षा काय करायची?

स्पेनचं त्यावाचून अडणार होतं असंही नाही. आघाडीला डेव्हिड व्हिया आणि फर्नांडो तोरेस होते. त्यांच्यामागे मायोर्काचा दानी गुईसा, जो 27 गोल करून त्या हंगामात ला लिगाचा सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि सारागोसाचा सेर्खियो गार्सिया. आरागोनेस यांच्यावर वेगळंच दडपण होतं. त्यांनी राऊलला संघाबाहेर ठेवलं होतं आणि त्यावरून देशात रण माजलं होतं. सतरा वर्षांचा नवा तारा संघात असता तर तो वाद थोडा निवळला असता, असं मला वाटतं. म्हणजे बोयानची गरज खेळापेक्षा त्या वातावरणाला जास्त होती.

मग पुन्हा तोच प्रश्न आला. लोकांना काय सांगायचं?

महासंघाला काहीच न सांगता त्याचं नाव यादीत न टाकण्याची मोकळीक होती. सतरा वर्षांच्या खेळाडूची निवड झाली नाही तर ती फारशी बातमी होत नाही. प्रशिक्षक म्हणू शकतात, तो लहान आहे, त्याची वेळ येईल. दुसरा मार्ग खरं सांगण्याचा होता, पण त्याची वाट फेब्रुवारीतल्या गॅस्ट्रोने अडवून ठेवली होती. आता खरं बोलायचं म्हणजे आधी खोटं बोललो हेही कबूल करायचं. तिसरा मार्ग आणखी एका सोयीच्या कारणाचा, आणि तोच निवडला गेला. तो सुट्टीवर जाणार आहे, असं सांगितलं गेलं.

पोट बिघडण्याबद्दल निदान कुणी राग धरत नाही. पण देशाने बोलावलं असताना सुट्टी? या कारणाने त्याला झाकण्याऐवजी उघड्यावर आणून उभं केलं.

पुढे काय झालं

बातमी फुटली. मथळ्याचा आशय असा होता की स्पेन बोयानला बोलावतंय आणि बोयान नाही म्हणतोय. ज्या लोकांना खरं माहीत होतं ते मोजके होते आणि त्यांच्यापैकी कुणीही पुढे आलं नाही. त्या मथळ्याने मला संपवलं, असं बोयान दहा वर्षांनी म्हणाला. देशाची पर्वा नसलेला मुलगा अशी त्याची प्रतिमा झाली. बार्सिलोनाचा हंगामातला शेवटचा सामना मुर्सियात होता. तिथे लोक त्याला शिव्या देत होते आणि आपण जवळजवळ एकटेच होतो, ही आठवण त्याने सांगितली आहे.

शिव्या देणाऱ्यांच्या जागी क्षणभर उभं राहून पाहिलं तर त्यांच्याजवळ दोनच गोष्टी होत्या. हा मुलगा दर आठवड्याला बार्सिलोनाकडून खेळतोय, आणि देशाकडून खेळायला नाही म्हणतोय. त्यात वडील सर्बियन. तिन्ही गोष्टी जोडल्या की संशय तयार. त्यांचं वागणं त्यामुळे समर्थनीय ठरत नाही. पण त्यांना चुकीची माहिती ज्यांनी पुरवली, आणि खरी माहिती असून जे गप्प बसले, त्यांचा वाटा मला जास्त मोठा दिसतो.

29 जूनला व्हिएन्नात तोरेसच्या गोलवर स्पेनने जर्मनीला हरवलं. 1964 नंतरचं पहिलं मोठं विजेतेपद. देश रस्त्यावर उतरला.

परिणाम

पुढे स्पेनचे नवे प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के यांनी त्याला बोलावलं आणि 10 सप्टेंबर 2008 ला आल्बासेतेत आर्मेनियाविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात बोयान बदली खेळाडू म्हणून उतरला. हा स्पर्धात्मक सामना असल्याने सर्बियाचं दार त्या दिवशी बंद झालं. स्पेनकडून वरिष्ठ संघातला तो त्याचा पहिला सामना, आणि तोच शेवटचा.

क्लबमध्ये प्रशिक्षक म्हणून पेप ग्वार्दिओला आले. 2009 च्या कोपा देल रे अंतिम सामन्यात अॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध बोयानने गोल केला, पुढच्या वर्षी वसंतात तो काही आठवडे नियमित खेळलाही. पण आधी एटो, मग इब्राहिमोविच, मग व्हिया, आणि मधेच पेद्रोची झेप, यात त्याची जागा आकसत गेली. 2011 च्या वेम्बलीतल्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात तो बाकावर बसून राहिला आणि त्या उन्हाळ्यात रोमाला गेला. 163 सामने, 41 गोल, वय वीस. मग मिलान, आयॅक्स, स्टोक. स्टोकमध्ये सूर गवसला असं वाटत असतानाच जानेवारी 2015 मध्ये रॉचडेलच्या मैदानावर गुडघ्याला मोठी दुखापत झाली. नंतर माइन्झ, आलावेस, मॉन्ट्रियल, आणि जपानमध्ये व्हिसेल कोबे. मार्च 2023 मध्ये, 32 व्या वर्षी, तो निवृत्त झाला आणि बार्सिलोनाच्या फुटबॉल विभागात काम करू लागला.

ही सगळी उतरंड 2008 च्या त्या मथळ्यामुळे झाली असं मी म्हणणार नाही. जगातल्या सर्वोत्तम आघाडीफळीत जागा न टिकणं ही काही मानहानी नव्हे, आणि गुडघ्याला मथळे कळत नाहीत. त्या प्रकरणाने जे केलं ते वेगळं आहे. दहा वर्षं या माणसाबद्दल दोन गोष्टी बोलल्या गेल्या, त्याला देशाची आस नव्हती आणि तो अपेक्षांना उतरला नाही. पहिली धादांत खोटी होती आणि ती खोडून काढायची सोय त्याच्याकडे नव्हती. दुसरीचं ओझं पहिलीमुळे जड झालं.

शेजारचं एक प्रकरण

याच काळात, याच देशात, अशाच दुखण्याचा एक दुसरा खेळाडू होता. सेव्हिया क्लबचा विंगर खेसूस नावास, 1985 चा, जवळच्या लोस पालासिओस गावचा. घरापासून लांब राहिलं की त्यालाही चिंतेचे झटके यायचे. शिबिरं सोडून तो घरी परतला होता, राष्ट्रीय संघापासून तो काही वर्षं दूर राहिला होता. फरक इतकाच की ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला घर सोडवत नाही ही गोष्ट वर्तमानपत्रांतून येत होती, काही जण टिंगलही करत होते. पण सेव्हियाने त्याला सांभाळून घेतलं, उपचार झाले, आणि तयार वाटलं तेव्हा, नोव्हेंबर 2009 मध्ये, तो अर्जेंटिनाविरुद्ध स्पेनकडून पहिल्यांदा खेळला. आठ महिन्यांनी जोहान्सबर्गच्या विश्वचषक अंतिम सामन्यात तो बदली म्हणून उतरला आणि इनिएस्ताच्या विजयी गोलची चाल त्याच्या धावेतून सुरू झाली. पुढे चार वर्षं मँचेस्टर सिटीकडून खेळत मँचेस्टरलाही राहिला. 2024 च्या युरो विजेत्या संघात तो 38 वर्षांचा होता.

तुलना पूर्ण जुळत नाही. नावास तेव्हा विशीत होता, त्याच्यावर ‘नवा मेस्सी’चं ओझं नव्हतं, आणि सेव्हियाच्या मैदानावर त्याला घरच्यासारखं प्रेम मिळत होतं. तरी एक गोष्ट त्यातून दिसते. नावासला नाही म्हणताना दर वेळी नवं कारण शोधावं लागलं नाही. कारण एकच होतं आणि ते खरं होतं.

लपवण्याचं दुसरं टोकही त्याच काळातलं आहे. जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के, जो एकेकाळी बार्सिलोनाकडूनही खेळला होता, त्याने वर्षानुवर्षं नैराश्य लपवलं. 2009 च्या शरद ऋतूत तो खेळत नव्हता तेव्हा लोकांना संसर्गाचं कारण माहीत होतं. 10 नोव्हेंबर 2009 ला त्याने आत्महत्या केली. त्यानंतर कुठे युरोपच्या फुटबॉलमध्ये हा विषय उघडपणे निघू लागला.

वेगळं काय करता आलं असतं

सामन्यांवर मर्यादा घालणं हा पहिला उपाय, आणि तो सर्वांत अवघडही. रायकार्डच्या जागी असलेला माणूस दर आठवड्याचा निकाल पाहणार. मुलाच्या वर्षाचा हिशेब त्याच्या हाती देऊन चालत नाही. कोरियाहून परतलेल्या खेळाडूला सक्तीची तीन आठवड्यांची सुट्टी, हंगामातल्या सामन्यांची वरची मर्यादा, हे प्रशिक्षकाच्या वरच्या माणसाने आधीच ठरवून ठेवायला हवं होतं. एटो जायबंदी झाल्यावर ठरवायला बसलं की आकडा वाढतच जातो.

राष्ट्रीय संघाचं पहिलं बोलावणं विक्रमाला बांधायला नको होतं. पहिल्या खेपेला फक्त सरावाला बोलवायचं, सामन्याच्या यादीत नाव नाही असं आधीच जाहीर करायचं. खोल्या, माणसं, जेवणाचं टेबल ओळखीचं झालं की मग पुढचं पाऊल. सुबिएताचा विक्रम राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. तो पुढे 2021 मध्ये बार्सिलोनाच्याच गावी या खेळाडूने मोडलाच.

फेब्रुवारी ते मे या तीन महिन्यांत कुणी तरी एकच माणूस या मुलाच्या बाजूने सगळं पाहणारा हवा होता. क्लबचे डॉक्टर क्लबचे होते, महासंघाचे महासंघाचे. मालागात झालेल्या गोष्टीचा पाठपुरावा कोण करणार, पुढच्या बोलावण्याआधी ‘हा तयार आहे का’ हे कोण विचारणार, हे ठरलेलं असतं तर संघ जाहीर होण्याच्या तोंडावर नाही म्हणायची पाळी बोयानवर आली नसती. तो नकार महिनाभर आधी, बंद खोलीत, एका डॉक्टरच्या तोंडून जायला हवा होता.

मथळा आल्यानंतरही एक संधी होती. प्रशिक्षकाने किंवा महासंघातल्या एखाद्या वरिष्ठाने पुढे येऊन इतकंच म्हणायचं होतं: ‘त्याला न नेण्याचा निर्णय आमचा आहे, आणि कारण वैद्यकीय आहे.’ मुर्सियाच्या आधी हे झालं असतं तर तिथला दिवस वेगळा गेला असता. कदाचित काही लोकांनी तरीही शिव्या दिल्या असत्या, पण त्या ऐकताना तो एकटा नसता.

आणि निवेदनाबद्दल. खेळाडूच्या प्रकृतीविषयी जे काही छापायला जाणार असेल ते आधी त्याने स्वतः वाचायला हवं, आणि तो अल्पवयीन असेल तर त्याच्या आई-वडिलांनीही. ‘गॅस्ट्रो’ हा शब्द मालागात ज्यांनी सुचवला त्यांना तो एका संध्याकाळपुरता हवा होता. कागद बोयानच्या आईसमोर ठेवून, ‘हे कारण पुढच्या वेळीही पुरेल का?’ असं विचारायला पाच मिनिटं लागली असती.